ओट्यावरच्या सुऱ्या आणि चुंबकी लाकडी ठोकळा

स्वयंपाकघरातील धारदार हत्यार काम संपल्यावर कोठे आणि कसे ठेवायचे, हा प्रश्न महाराष्ट्रातील घरांपुढे त्या मानाने अलीकडेच उभा राहिला आहे, कारण विळी किंवा कोकण-गोव्याकडची आदोळी वापरात होती तोवर त्याचे उत्तर त्या साधनाच्या घडणीतच होते: घडीच्या विळीचे पाते काम झाले की पाटावर मिटत असे, न मिटणारी विळी आडवी करून पाते भिंतीकडे राहील अशी सारून ठेवली जात असे, आणि घरात असे हत्यार बहुधा एकच असल्याने त्याचा कोपरा ठरलेला असे. बसून चिरण्याऐवजी ओट्याशी उभे राहून चिरण्याची पद्धत रुळली तशी भाजीची मोठी सुरी, फळांची लहान सुरी, पावाची दातेरी सुरी आणि मांस-मासळीचा जड सुरा अशी तीन-चार पाती घरात जमली, पण त्यांच्यासाठी वेगळी जागा करण्याचा विचार फारसा झाला नाही. परिणामी बहुतेक घरांत या सुऱ्या चमचे, उलथने आणि लाटण्याबरोबर एकाच ट्रॉलीत पडून असतात, ट्रॉली उघडली-मिटली की एकमेकींवर आपटतात आणि घाईत हात घालणाऱ्याची बोटे कापतात.

बोटे कापण्याचा धोका सर्वांना दिसतो, पण धारेची होणारी हानी सहसा लक्षात येत नाही. धार म्हणजे पात्याच्या दोन उतरत्या बाजू जेथे एकत्र येतात ती कड होय, आणि चांगल्या लावलेल्या धारेची या कडेपाशी जाडी मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, आसपास असते. इतकी बारीक कड डावाच्या दांड्यावर आपटली की पोलाद मऊ असल्यास ती मुडपते आणि कठीण असल्यास तिचा कपचा उडतो. मुडपलेली धार घासकांडीवर, म्हणजे धार सरळ करण्याच्या दांडीवर, ओढून पुन्हा सरळ करता येते, मात्र कपचा उडालेले पाते सहाणेवर बराच वेळ घासावे लागते किंवा धारवाल्याच्या चाकावर धरावे लागते, आणि अशा प्रत्येक वेळी पात्याचे थोडे पोलाद कायमचे झिजून जाते. सुरी नीट ठेवणे हा टापटिपीचा भाग आहेच, पण त्याहून अधिक तो हत्याराचे आयुष्य जपण्याचा भाग आहे.

सुऱ्या ओट्यावर उभ्या ठेवण्यासाठी खाचांचा लाकडी ठोकळा अनेक वर्षांपासून मिळतो. त्यात सुरी खाचेत सरकवताना आणि काढताना धार लाकडावर घासली जाते, आणि खाचांची मापे ठरलेली असल्यामुळे नंतर घेतलेली रुंद सुरी त्यात मावत नाही, पण त्याचा खरा दोष स्वच्छतेचा आहे: खाचेच्या तळाशी अन्नकण आणि ओल साचते, तेथे ना कापड पोहोचते ना वारा, आणि पावसाळ्यात कोकणपट्टीसारख्या दमट हवेत अशा बंद जागेत बुरशी धरायला फार दिवस लागत नाहीत. बाजारात ‘मॅग्नेटिक नाइफ ब्लॉक’ या नावाने मिळणारा चुंबकी ठोकळा ही अडचण दूर करतो, कारण त्यात खाचाच नसतात. लाकडाची एक उभी किंवा किंचित कललेली फळी, तिच्या आत पृष्ठभागालगत बसवलेले चुंबक आणि खाली जड बैठक एवढीच त्याची रचना असते, सुरी त्या फळीला बाहेरून चिकटून राहते, पाते हवेत सुकते आणि फळी एका हाताने पुसता येते.

असा ठोकळा निवडताना ग्राहक प्रथम लाकडाचा रंग आणि नक्षी पाहतो, पुढे किंमत पाहतो आणि चुंबकाची चौकशी क्वचितच करतो. वास्तविक हा क्रम नेमका उलटा हवा, आणि त्याच्याही आधी घरातील सुऱ्या कोणत्या धातूच्या आहेत हे पाहायला हवे. स्टीलला चुंबक चिकटतो की नाही, याबद्दल बरेच गैरसमज आहेत. भांड्यांच्या दुकानात चुंबक लावून पाहण्याची आणि तो चिकटला नाही तर स्टील चांगले असे मानण्याची पद्धत रूढ आहे, आणि भांड्यांच्या बाबतीत तिला काही आधारही आहे, परंतु सुरीला तीच कसोटी लावणारा ग्राहक चांगली सुरी परत करून निकृष्ट सुरी घरी आणण्याची शक्यता असते.

याचे कारण स्टेनलेस स्टीलच्या दोन निरनिराळ्या घराण्यांत आहे. जर्मनीतील एसेन येथील क्रुप कारखान्यात बेनो स्ट्राउस आणि एडुआर्ड माउरर यांनी क्रोमियमबरोबर निकेल मिसळून केलेल्या पोलादाचे पेटंट १९१२ मध्ये घेतले गेले, आणि आजच्या ताटवाट्यांचे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असलेले स्टील त्याच घराण्यातले आहे. इंग्लंडमधील शेफील्ड येथे हॅरी ब्रेअर्ली हे बंदुकीच्या नळ्यांची झीज कमी करण्याच्या खटपटीत होते आणि १९१३ मध्ये त्यांनी सुमारे १२.८ टक्के क्रोमियम व ०.२४ टक्के कार्बन असलेले, निकेल नसलेले पोलाद ओतले; शेफील्ड हे सुऱ्या घडवणाऱ्यांचे जुने गाव असल्याने या पोलादाचा उपयोग लवकरच जेवणाच्या टेबलावरील सुऱ्यांसाठी होऊ लागला. पहिल्या प्रकारात लोखंडाचे अणू ज्या मांडणीत बसतात तिला ऑस्टेनाइट म्हणतात, आणि निकेलमुळे ती मांडणी साध्या तापमानालाही टिकून राहते. तिच्यात चुंबकाकडे ओढले जाण्याचा गुण जवळजवळ नसतो आणि तापवून एकदम थंड केल्याने ती कठीणही होत नाही. दुसऱ्या प्रकारचे पोलाद सुमारे हजार अंश सेल्सिअसच्या वर तापवून झपाट्याने थंड केले, म्हणजे त्याला पाणी दिले, की मार्टेन्साइट नावाची वेगळी मांडणी तयार होते, जिच्यात कार्बनचे अणू अडकून बसल्याने पोलाद अतिशय कठीण होते, आणि ही मांडणी चुंबकाकडे जोराने ओढली जाते.

म्हणजे ज्या मांडणीमुळे पात्याला धार धरता येते, तीच त्याला चुंबकाला चिकटवते. ज्या स्टीलच्या सुरीला चुंबक अजिबात चिकटत नाही तिची धार टिकण्याची आशा कमी असते, आणि अशी सुरी नव्या ठोकळ्यावर राहिली नाही तर दोष ठोकळ्याचा नसतो. घरच्या घरी हे पाहायचे तर फ्रीजवरचा चुंबक पुरेसा आहे: तो सुरीच्या पात्याला पक्का बसतो, स्टीलच्या ताटाच्या मध्यभागावरून घसरतो, आणि खोल वाटीच्या कडेला मात्र कधी कधी किंचित रेंगाळतो, कारण पत्रा थंड अवस्थेत ओढून वाटीचा आकार देताना त्या ताणाने कडेच्या काही भागात मार्टेन्साइट तयार झालेले असते. साध्या कार्बन स्टीलची पाती, म्हणजे लिंबू किंवा कैरी चिरली की काळी पडणारी आणि ओली राहिली तर गंजणारी, चुंबकाला उत्तम चिकटतात. झिर्कोनियाच्या म्हणजे सिरॅमिकच्या पांढऱ्या सुऱ्या मुळीच चिकटत नाहीत, आणि मधल्या कठीण पात्याला दोन्ही बाजूंनी मऊ, निकेलयुक्त स्टीलचे थर दिलेल्या काही जपानी धाटणीच्या सुऱ्या थोड्या हलक्या चिकटतात, कारण तेथे चुंबकाला मधलाच पातळ थर धरून ठेवावा लागतो.

ठोकळ्यात वापरले जाणारे चुंबक मुख्यतः दोन जातींचे असतात. फेराइटचे चुंबक काळपट-करडे, ठिसूळ आणि स्वस्त असतात. त्यांना गंज चढत नाही, पण आकाराच्या मानाने त्यांची ओढ कमी असते. निओडिमियम, लोखंड आणि बोरॉन यांच्या मिश्रणाचे चुंबक त्यांच्यापेक्षा कितीतरी जोरदार असतात. हे मिश्रण जपानमध्ये सुमितोमो स्पेशल मेटल्स या कंपनीत मासातो सागावा यांनी आणि अमेरिकेत जनरल मोटर्सच्या संशोधकांनी स्वतंत्रपणे शोधले व १९८३ मध्ये ते जाहीर झाले. लाकडाच्या आड राहूनही सुरी पेलण्याइतकी ओढ छोट्याशा चकतीत मावू शकली ती या शोधामुळेच. हे चुंबक ओल लागली की भुसभुशीत होऊन फुटतात, म्हणून त्यांच्यावर निकेलचा मुलामा असतो, आणि त्यांच्या साध्या प्रतीची ओढ सुमारे ८० अंश सेल्सिअसच्या पुढे कायमची घटू लागते. ओट्यावर इतके तापमान क्वचितच होते, तरीही ठोकळा गॅसच्या बर्नरला खेटून ठेवू नये, कारण तेथे चुंबकाच्या आधी लाकूड तडकते आणि फोडणीचे तेल त्याच्यावर उडत राहते.

तेलाचा हा मुद्दा वरवर पाहता किरकोळ वाटतो, पण चुंबकी ठोकळ्याचे सारे काम तेथेच अडते. चुंबक सुरीला फळीकडे, म्हणजे आडव्या दिशेने ओढतो, तर वजन तिला खाली ओढते, आणि या दोन दिशा काटकोनात असल्याने चुंबकाची ओढ वजनाला थेट अडवू शकत नाही. सुरीला घसरण्यापासून रोखते ते पाते आणि लाकूड यांच्यामधील घर्षण. पोलाद आणि लाकूड यांच्यातील घर्षणाचे प्रमाण ०.३ धरले, तर २०० ग्रॅम वजनाची मोठी सुरी सरळ उभ्या फळीवर नुसती टिकण्यासाठीच चुंबकाची ओढ सुमारे ६७० ग्रॅम वजनाइतकी लागते, आणि ओट्याला धक्का बसला, शेजारी मिक्सर थरथरला किंवा पाते ओले असले तरी सुरी जागची हलू नये असे वाटत असेल तर याच्या काही पट ओढ हाताशी हवी. फळीवर तेलकट थर चढला की घर्षणाचे प्रमाण उतरते आणि चुंबक तोच असूनही सुरी हळूहळू खाली सरकू लागते. म्हणून ‘इतके किलो पेलणारा’ अशी जाहिरात असेल तेथे तो आकडा सरळ मागे खेचण्याचा आहे की खाली घसरण्याचा आहे, हे विचारले पाहिजे. विक्रेत्याला त्याचे उत्तर देता आले नाही, तर तो आकडा विचारात न घेणे श्रेयस्कर.

फळीला मागच्या बाजूस थोडा कल दिला तर सुरीचे थोडे वजन लाकडावर टेकते. मात्र त्याचा फायदा वाटतो तेवढा मोठा नसतो: १५ अंशांच्या कलाने वरच्या उदाहरणातील आवश्यक ओढ सुमारे ५९० ग्रॅमपर्यंत उतरते, म्हणजे जेमतेम १२ टक्क्यांनी. कललेल्या फळीचा खरा गुण मूठ हाताला सहज सापडणे हा आहे, आणि तेवढ्यासाठी ती पसंत करणे योग्यच ठरते.

चुंबक किती जोरदार आहे याइतकेच तो लाकडाच्या किती आत आहे, हेही महत्त्वाचे असते, कारण चुंबकाची ओढ अंतराबरोबर फार झपाट्याने घटते. सुताराने फळीला मागून भोके पाडून त्यांत चुंबकाच्या चकत्या बसवताना पुढे साधारण २ ते ३ मिलिमीटर लाकूड शिल्लक ठेवले तर सुरी घट्ट धरली जाते. तेच लाकूड ५ मिलिमीटर राहिले तर चांगला चुंबकही दुबळा भासतो, आणि अगदी १ मिलिमीटर राहिले तर वापराने ते चिरण्याची भीती असते. चकत्या किती अंतरावर बसवल्या आहेत हे बाहेरून दिसत नाही, पण ते ओळखण्याचा एक सोपा उपाय आहे. एक टाचणी दोऱ्याला बांधून फळीसमोर बोटभर अंतरावर लोंबती धरावी आणि हात सावकाश वरून खाली, मग डावीकडून उजवीकडे न्यावा. चकतीसमोर टाचणी फळीकडे झेपावते आणि दोन चकत्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत पुन्हा सरळ लोंबते, आणि अशा रीतीने आतल्या चुंबकांचा नकाशाच हाती येतो. मोकळ्या जागा दोन बोटांहून रुंद असतील तर लहान सुरी नेमकी त्यांत सापडून घसरते, आणि चुंबक फक्त वरच्या पट्ट्यात असतील तर लांब पात्याचे टोक धक्का लागताच बाजूला झुलते. सर्वांत चांगल्या रचनेत चुंबकांच्या निदान दोन आडव्या ओळी असतात, एक पात्याच्या मुठीकडील भागासाठी आणि एक खालच्या निम्म्या भागासाठी, आणि शेजारशेजारच्या चकत्यांचे ध्रुव आलटून-पालटून मांडलेले असतात, जेणेकरून पात्यातून चुंबकीय प्रवाहाची वाट पूर्ण होऊन पकड वाढते.

इतके सगळे असूनही अधिकाधिक जोरदार चुंबक शोधत राहणे योग्य नाही, आणि या बाबतीत बाजारातील जाहिराती ग्राहकाची दिशाभूल करतात. अतिजोरदार ठोकळा सुरीला हातातून हिसकावून घेतो आणि पाते फळीवर सपकन आपटते. काढताना तितकाच जोर लावावा लागतो, पाते एकदम सुटते आणि हात झटक्याने मागे येतो. ठोकळ्यावर सुरी ठेवण्याची योग्य रीत अशी, की पात्याची जाड पाठ आधी फळीला टेकवावी आणि त्या पाठीवरच मनगट वळवत पाते हलकेच सपाट होऊ द्यावे, म्हणजे धार सर्वांत शेवटी आणि आवाज न होता लाकडापाशी येते. काढताना हाच क्रम उलटा होतो: मूठ फिरवून आधी धार लाकडापासून उचलावी, पाते पाठीवर उभे करावे आणि मग ओढावे. सरळ खेचल्यास किंवा खाली-वर सरकवल्यास धार लाकडावर घासते आणि फळीवर बारीक चरे उमटतात. ज्या ठोकळ्यावर ही कृती दोन बोटे आणि अंगठा यांच्या जोराने सहज होते, त्याचा चुंबक घरासाठी योग्य मानावा. घरातील सर्वांत अशक्त मनगटाच्या व्यक्तीला ती जमते का, हे पाहिल्याशिवाय ठोकळा पसंत करू नये.

चुंबकाच्या सहवासाने पात्यातही थोडे चुंबकत्व उतरते, त्याने धार खराब होते अशी समजूत आढळते. धारेवर त्याचा काही परिणाम होत नाही. फक्त सहाणेवर घासल्यानंतर पोलादाचा बारीक कीस पात्याला चिकटून राहतो, म्हणून धार लावल्यावर पाते ओल्या फडक्याने नीट पुसून मगच चिरायला घ्यावे.

आकाराचा हिशेब घरातील सर्वांत लांब पात्यापासून सुरू होतो. २० सेंटिमीटरचे पाते असेल तर फळी बैठकीपासून २३ सेंटिमीटर तरी उंच हवी, नाहीतर टोक बैठकीवर टेकते आणि बोथट होते. बैठक जड आणि रुंद असावी, तिच्याखाली रबराचे पाय असावेत, कारण ओट्याचा ग्रॅनाइट किंवा कडप्पा ओला असताना गुळगुळीत होतो आणि सुरी ओढली की हलका ठोकळा तिच्याबरोबर पुढे येतो. एका बाजूला सर्व सुऱ्या लावून ठोकळा कलंडतो का, हे विकत घेण्यापूर्वी पाहावे. दोन्ही बाजूंनी सुऱ्या लावता येणारा ठोकळा जास्त सोयीचा वाटतो, पण आपल्याकडील ओटा बहुधा भिंतीला लागून असल्यामुळे त्याची मागची बाजू हाताला येत नाही, आणि अशा ओट्यासाठी एकाच बाजूचा, पाठ भिंतीला लागणारा ठोकळा अधिक उपयोगी पडतो.

लाकडाबद्दल मात्र थोडक्यात सांगण्यासारखे आहे, कारण चिरफळीप्रमाणे या लाकडावर घाव पडत नाहीत आणि बहुतेक टणक लाकडे येथे चालतात. साग हवेतील ओलीने इतर अनेक लाकडांपेक्षा कमी फुगतो-आकसतो, त्यामुळे चंद्रपूर-गडचिरोलीच्या या लाकडाचा ठोकळा पावसाळ्यातही सरळ राहतो; त्याच्या अंगच्या तेलामुळे डिंक नीट धरत नाही, म्हणून जोड देण्यापूर्वी तो पृष्ठभाग द्रावकाने पुसावा लागतो आणि हे न करणाऱ्या कारागिराच्या ठोकळ्याचे सांधे काही काळाने उकलतात. बाभळीसारख्या टॅनिन असलेल्या लाकडावर ओले लोखंड टेकले की निळसर-काळे डाग पडतात, कारण टॅनिन हे साल आणि लाकडातील तुरट द्रव्य लोहाशी संयोग पावून काळा रंग तयार करते. कार्बन स्टीलच्या सुऱ्या वापरणाऱ्यांनी म्हणून अशा लाकडाऐवजी फिकट, टॅनिन कमी असलेले बीच किंवा मेपल पाहावे. बांबूचे ठोकळे पट्ट्या डिंकाने जोडून केलेले असतात, तेव्हा त्यांचा दर्जा बांबूपेक्षा डिंकावर अवलंबून राहतो. कोणत्याही लाकडाला वर्षातून दोन-तीनदा खाद्य प्रतीचे मिनरल ऑइल किंवा मधमाश्यांचे मेण हलके चोळावे आणि कापडाने पूर्ण पुसून काढावे. स्वयंपाकातले शेंगदाण्याचे किंवा करडईचे तेल यासाठी वापरू नये, कारण ते लाकडावर खवट होते आणि चिकट थर धरते.

सुरक्षिततेच्या दोन गोष्टींना तडजोड नाही. पहिली लहान मुलांची: ठोकळ्यावरील पाती उघडी असतात, म्हणून रांगत्या किंवा खुर्चीवर चढू लागलेल्या मुलाच्या घरात ठोकळा ओट्याच्या कडेपासून दूर, भिंतीलगत ठेवल्याशिवाय वापरू नये, आणि जेथे ओटाच मुलाच्या हाताशी येतो तेथे कुलूपबंद कपाट अधिक चांगले. याच संदर्भात फळीमागील चुंबक पूर्ण बंदिस्त आहेत का, हेही तपासावे, कारण निखळलेल्या जोरदार चकत्या एकाहून अधिक गिळल्या गेल्या तर त्या आतड्यांच्या वेटोळ्यांतून एकमेकींना ओढतात, मधले आतडे चिमटले जाऊन त्याला छिद्र पडते आणि शस्त्रक्रियेची वेळ येते. दुसरी गोष्ट हृदयात पेसमेकर बसवलेल्या व्यक्तींची: जोरदार चुंबक जवळ आल्यास या यंत्राचे काम तेवढ्यापुरते बदलू शकते, म्हणून ठोकळा आणि छाती यांमध्ये किमान १५ सेंटिमीटर अंतर कायम राहील अशी जागा निवडावी, ठोकळा उचलून छातीशी धरू नये, आणि शंका असल्यास हृदयरोगतज्ज्ञांना विचारूनच तो घरात आणावा.

ज्या घरात दोनच सुऱ्या आहेत किंवा ओट्यावर एक ताट ठेवायलाही जागा उरत नाही, तेथे ठोकळ्याचा आग्रह धरण्याचे कारण नाही. भिंत स्वतःच्या मालकीची असेल तर टाइल्सवर बसवायची चुंबकी पट्टी हेच काम ओट्याची एक इंचही जागा न अडवता करते, आणि भाड्याच्या घरात भोके पाडता येत नसतील तर प्रत्येक पात्यासाठी मापाचे प्लास्टिकचे म्यान घेऊन किंवा जाड पुठ्ठा दुमडून व चिकटपट्टीने बंद करून तसे म्यान घरी करून, कोरड्या पुसलेल्या सुऱ्या त्यात घालून ट्रॉलीत ठेवल्या तरी धार आणि बोटे दोन्ही सुरक्षित राहतात. सिरॅमिकच्या सुऱ्यांनाही म्यानच लागते, कारण त्यांना कोणताही चुंबक धरून ठेवू शकत नाही.